ओढ्यातला केर

आमच्या घराण्यात माशांचे दोनच प्रकार मानतात : ताजे आणि बाकीचे. पापलेट, सुरमई, बांगडा, मांदेली ह्या पोटजाती झाल्या. मूळ वर्ण दोन. मालवणचा माणूस माशाचे कल्ले उचलून आत डोकावतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे गांभीर्य असते ते तो पोटच्या मुलीसाठी स्थळ बघायला जातो तेव्हाही नसते. अशा घराण्यातली एक मुलगी सातासमुद्रापलीकडे जाऊन मासे पकडते, मोजते, त्यांचे वजन करते आणि पुन्हा पाण्यात सोडून देते, ही बातमी आली तेव्हा माझ्या थोरल्या भावाला, म्हणजे मुलीच्या प्रत्यक्ष बापाला, दोन वेळचे जेवण गेले नाही.

“सोडून देते?” दादा विचारीत होता. “सगळे?”

“सगळे.”

“एखादासुद्धा ठेवीत नाही?”

सुमी लहानपणापासून हुशार. ती अमेरिकेत पीएच.डी. करते हे आम्ही चारचौघांत सांगत असू. कशात करते ते मात्र आम्हाला सांगता येत नसे. कोणी खोदून विचारलेच तर “पर्यावरणात” असे म्हणून आम्ही घाईघाईने चहा मागवीत असू. खरा विषय असा : जंगलातल्या ओढ्यांत राहणारे ट्राउट मासे, त्यांचे घर, त्यांचा शेजार आणि त्यांचा संसार. एवढ्याशा ओढ्यातल्या एवढ्याशा माशाचा संसार बघायला पाच वर्षे लागतात हे दादाला पटत नव्हते. स्वतःचा संसार त्याने पाच मिनिटे तरी नीट पाहिला आहे का, असे वहिनीचे म्हणणे आहे. पण तो वेगळा विषय.

आमचा मुलगा ओरेगन राज्यात पोर्टलंडला असतो. आम्ही उभयता त्याच्याकडे निघालो तेव्हा दादाने मला बाजूला घेतले. म्हणाला, “जातोच आहेस तर सुमीकडे जा. ती नेमकं करते काय ते डोळ्यांनी बघ. आणि जमलं तर चार समजुतीच्या गोष्टी सांग. अजून वेळ गेलेली नाही. कॉम्प्युटर शिकेल.”

त्याप्रमाणे ऑगस्टातल्या एका पहाटे सुमीने आम्हाला गाडीत घातले आणि ती कॅस्केड डोंगरांकडे निघाली. बरोबर तिचे दोन सहकारी, चार बादल्या, जाळी, वजनकाटा आणि शेतात औषध फवारायचा असतो तसला दिसणारा एक पाठीवरचा पंप. आमच्या हिने पातळावर कॅनव्हासचे बूट चढवले होते आणि पिशवीत दहीभात घेतला होता. कुठल्याही शास्त्रीय मोहिमेला एवढी तयारी पुरेशी आहे, असे तिचे मत आहे.

आमच्याकडे ओढ्याला व्हाळ म्हणतात. व्हाळ कसा असतो हे मला ठाऊक. पण हे प्रकरण निराळे होते. दोन्ही काठांना डग्लस फर नावाची झाडे. शेंडा बघायला मान वर केली तर टोपी पडते, आणि टोपी उचलून पुन्हा बघितले तरी शेंडा दिसत नाही. सुमी म्हणाली, ह्यातली काही पाचशे वर्षांची आहेत. म्हणजे शिवाजीमहाराजांचा जन्म झाला तेव्हाच ती शंभरीची असणार. आता असल्या झाडांखालून ओढा खळाळत होता असे लिहायचा मोह होतो. पण खरे सांगायचे तर तो बिचारा वाट काढीत होता. आडवेतिडवे पडलेले ओंडके, कमरेएवढ्या जाडीचे. त्यांत अडकलेल्या फांद्या, फांद्यांत अडकलेला पाला, आणि पाल्यात अडकलेला आणखी पाला. वर शेवाळ.

आमची ही काठावर उभी राहिली आणि तिने कमरेवर हात ठेवले. ह्या पवित्र्याची मला चाळीस वर्षांची ओळख आहे. दर दिवाळीला ती माळ्याखाली अशीच उभी राहते.

“अगो सुमे,” ती म्हणाली, “हे आधी साफ करून घे ना! असल्या केरात कोण राहील?”

“तेच राहतात, काकू,” सुमी म्हणाली. “ह्या केरातच राहतात.”

आता गंमत अशी की, हिने ओढ्याकाठी जे म्हटले तेच तिथल्या सरकारी खात्यांनी कित्येक वर्षे म्हटले होते. नुसते म्हटले नव्हते, केलेही होते. १९५० ते १९७० च्या दशकांत त्या भागातले ओढे साफ करण्याची मोहीमच निघाली होती. समुद्रातून अंडी घालायला वर येणाऱ्या साल्मन माशांची वाट ओंडक्यांनी अडते, आणि पुरात हेच ओंडके वाहत जाऊन पूल मोडतात, असा हिशेब होता. लाकूडतोड करणाऱ्यांनी टाकलेला कचरा ओढ्यांत होताच. त्याच्याबरोबर आपल्या मरणाने पडलेले, जुने, मुरलेले ओंडकेही निघाले. ओढे कसे लख्ख झाले. पाणी सरळ एका रेषेत धावू लागले. फक्त त्यात माशाला उभे राहायला जागा उरली नाही.

१९७६ साली फ्रेड स्वॉन्सन, जॉर्ज लिनकेम्पर आणि जिम सेडेल ह्या तिघांनी पश्चिम ओरेगनच्या ओढ्यांत पडलेल्या लाकडांवर एक अहवाल लिहिला. ही लाकडे तिथे किती वर्षे पडून असतात आणि पडल्या पडल्या काय काय कामे करतात, ह्याची त्यात नोंद होती. नुसते पडून राहून एवढे काम करणारा दुसरा प्राणी मी फक्त आमच्या बँकेत पाहिला आहे. पाणी ओंडक्यावरून उडी मारते. जिथे पडते तिथे तळ खणला जातो आणि डोह होतो. ओंडक्याच्या मागे बारीक खडी साठते. त्या खडीत मादी शेपटीने खळगा करून अंडी घालते, आणि खडीच्या फटींतून पाणी खेळत राहिले तरच ती अंडी जगतात. वरून गाळ बसला तर गुदमरतात. ओंडक्याला पाला अडतो, तो कुजतो, कुजलेला पाला पाण्यातले किडे खातात, आणि किड्यांना मासे. पूर आला की सगळे कुटुंब ओंडक्याच्या आडोशाला.

हळूहळू हे खात्यांना पटत गेले. आता त्याच ओढ्यांत पैसे मोजून ओंडके परत आणून ठेवतात. कधी यंत्राने, आणि जिथे रस्ता नाही तिथे हेलिकॉप्टरने.

“म्हणजे आधी काढायची मजुरी आणि मग टाकायची मजुरी,” ही म्हणाली. “सरकार कुठलंही असो, सारखंच.” मग जरा थांबून म्हणाली, “आमच्या आजोळच्या देवराईत पडलेली काटकीसुद्धा उचलायची नाही. देव कोपतो.”

“इथं देव नव्हता ना, काकू,” सुमी म्हणाली, “म्हणून शास्त्रज्ञ लागले.”

“पण आपल्या माळ्याला हे लागू नाही हां,” असे हिने माझ्याकडे बघून ताबडतोब जाहीर केले.

एवढ्यात काम सुरू झाले. ओढ्याचा एक तुकडा वर आणि खाली जाळी लावून बंद केला. सुमीने छातीपर्यंतची रबरी विजार चढवली आणि तो पंप पाठीला लावला. पंप कसला, वीज होती ती! पाण्यात काठी घालायची, जरासा प्रवाह सोडायचा, मासा क्षणभर बधिर होऊन वर येतो, की दुसऱ्याने जाळ्यात घ्यायचा आणि बादलीत टाकायचा. पहिल्या फेरीला बादलीत चांगली गर्दी झाली, दुसऱ्या फेरीला अर्धी, तिसऱ्या फेरीला चार. ह्या घसरणीवरून अजून किती आत राहिले असतील त्याचा अंदाज काढतात. वसुलीच्या पहिल्या महिन्यात किती आले, दुसऱ्यात किती, तिसऱ्यात किती, ह्यावरून एकूण बुडीत किती ते आम्ही असेच काढत असू. मला प्रथमच वाटले, हे शास्त्र आपल्याला जमण्यासारखे आहे.

बादलीत काय होते म्हणता? कटथ्रोट ट्राउट. डोंगरातल्या ह्या ओढ्यांत त्याची मजल वीतभरापुढे क्वचित जाते. अंगावर काळे ठिपके, आणि जबड्याखाली दोन्ही बाजूंना लालसर रेघ, म्हणून नाव ‘गळाकापू’.

“शी! असलं नाव काय ठेवायचं!” ही म्हणाली. “कुंकू पुसल्यासारखं दिसतंय बिचाऱ्याचं.”

मग एकेकाला गुंगी द्यायची. त्या औषधात युजेनॉल असते, म्हणजे लवंगेच्या तेलातला मुख्य पदार्थ. दाढ दुखली की आपण लवंगेचे तेल लावतो, तेच. गुंगीत असताना लांबी मोजायची, वजन करायचे, आणि जरा मोठ्या माशाच्या पोटात तांदळाच्या दाण्याएवढी, १२ मिलिमीटरची, एक खूणचिठ्ठी सरकवायची. तिला बॅटरी नाही, काही नाही. पण यंत्र जवळ नेले की ती आपला क्रमांक सांगते, आणि तो क्रमांक त्या माशाचा जन्मभर राहतो. “आधार कार्ड!” मी म्हणालो. सुमी म्हणाली, “हो काका, पण ह्याला बोटांचे ठसे द्यावे लागत नाहीत.”

बादलीत एक निराळाच प्राणीही निघाला. चिखलाच्या रंगाचा, चार पायांचा, पालीची थोरली बहीण. त्याला जायंट सॅलमँडर म्हणतात, आणि ओढ्याच्या पंगतीला ट्राउटच्या शेजारी तोही बसतो. हिने बूट न भिजवता ओढा ओलांडला तो ह्याच वेळी.

दुपारी दहीभात खाताना सुमीने मला एका डोहाकडे बघायला सांगितले. ट्राउट पाण्यात मजेत हिंडत असतो अशी आपली कल्पना. तसे काही नाही. प्रवाहाकडे तोंड करून तो एका जागी उभा असतो. एस.टी. स्टँडवर कुठल्या खांबाशी उभे राहिले की गाडीचे दार नेमके समोर येते, हे मुरलेल्या प्रवाशाला माहीत असते ना? तसेच. स्वतः उभे राहायचे संथ पाण्यात, म्हणजे ताकद जात नाही. आणि शेजारून वेगाचे पाणी जायला हवे, म्हणजे त्यातून किडे आपल्या पायाने चालत येतात. असल्या मोक्याच्या जागा थोड्या. सगळ्यांत मोठा मासा सगळ्यांत चांगली जागा धरतो आणि धाकट्याला हुसकावतो. रुमाल टाकावा लागत नाही, एवढाच फरक.

“आणि सावली कशाला लागते?” मी विचारले. समजुतीच्या गोष्टी सांगायच्या तर आधी माहिती हवी.

सुमीने सांगितले ते असे. ओरेगनच्या समुद्राकडच्या डोंगरांत, अल्सी नदीच्या खोऱ्यात, १९५९ ते १९७३ अशी पंधरा वर्षे एक प्रयोग चालला. तीन ओढे घेतले : फ्लिन क्रीक, डिअर क्रीक आणि नीडल ब्रांच. पहिली सात वर्षे नुसते मोजत बसले. मग १९६६ साली नीडल ब्रांचच्या काठची झाडे थेट पाण्यापर्यंत तोडली. डिअर क्रीकला तुकड्यातुकड्यांनी तोड केली, पण ओढ्याच्या दोन्ही बाजूंना झाडाझुडपांचा पट्टा राखला. फ्लिन क्रीकला हातच लावला नाही. पुढच्याच वर्षी नीडल ब्रांचच्या पाण्याचे सर्वांत चढे तापमान १४ अंशांवरून २९ अंशांवर गेले. पट्टा राखलेल्या ओढ्याचे पाणी तापले नाही.

आमच्या मालवणात २९ अंशाच्या पाण्याला लोक “जरा आणखी ऊन घाल गो” म्हणतात. ट्राउटला ते म्हणजे कढई. कारण पाणी जितके थंड तितका त्यात प्राणवायू जास्त : १० अंशाला लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम, २५ अंशाला जेमतेम ८. म्हणजे उकाड्याने धाप जास्त लागते आणि नेमकी तेव्हाच हवा कमी. नीडल ब्रांचमधल्या कटथ्रोटची संख्या जी घसरली ती प्रयोग संपेपर्यंत पूर्ववत झाली नाही. आपल्या देशातही इंग्रजांनी ट्राउट आणले, ते १९०० च्या सुमारास काश्मीरला, पुढे कुलूला आणि निलगिरीला. मालवणला का आणले नाहीत, त्याचा उलगडा मला त्या दहीभातावर झाला.

“बरं, सावली झाली, ओंडका झाला. आणखी काय देतं जंगल?”

“जेवण,” सुमी म्हणाली.

आणि तिने मला शिगेरु नाकानोची हकिकत सांगितली. जपानच्या होक्काइडो बेटावर होरोनाई नावाचा ओढा आहे. नाकानोने काय करावे? त्या ओढ्यावर त्याने जाळीचा मांडव घातला. लग्नात घालतात तसा, लांबच लांब. झाडांवरून पाण्यात पडणारे किडे बंद. वरचे ताट काढून घेतल्यावर मासे तळाच्या किड्यांवर तुटून पडले. ते किडे शेवाळ खाणारे, ते कमी झाल्याबरोबर शेवाळ माजले. एक ताट हलवले आणि सगळी पंगत विस्कटली. पुढे त्याने आणि मुराकामीने सबंध वर्षाचा जमाखर्च मांडला. तिथल्या माशांच्या वर्षाच्या पोटापाण्यातला ४४ टक्के भाग काठावरच्या जंगलातून पडतो, आणि जंगलातल्या पाखरांचा २६ टक्के भाग ओढ्यातून उडून येतो. म्हणजे दोन्ही घरांची वाटी शेजारी जाते आणि भरून परत येते. आमच्या चाळीत ह्यापेक्षा वेगळे काही चालत नव्हते.

“मोठा माणूस दिसतो,” मी म्हणालो. “काय करतो सध्या?”

सुमी जरा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “तो निबंध २००१ साली छापून आला, काका. नाकानो २००० च्या मार्चमध्येच गेला. कॅलिफोर्नियाच्या आखातात, कामावर असताना, बोट उलटून.” आणि ती बादल्या उचलायला उठली. ती त्याला कधी भेटलेली नव्हती. तो गेला तेव्हा ती बिगरीत असेल. पण घरातल्या माणसाबद्दल बोलावे तसे ती बोलली.

मी विषय बदलला. म्हटले, “एकूण तात्पर्य असं की, झाडी जितकी दाट तितके मासे जास्त.”

“अवलंबून आहे,” सुमी म्हणाली.

बँकेत पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला ‘अवलंबून आहे’ हे उत्तर चालत नाही. रक्कम जमेला असते नाहीतर नावे असते. पण सुमी सांगू लागली : १९८१ साली मर्फी आणि हॉल ह्या दोघांनी ह्याच कॅस्केड डोंगरांतले ओढे तपासले, तर काही वर्षांपूर्वी तोड झालेल्या उघड्या ओढ्यांत जुन्या रानातल्यापेक्षा ट्राउट जास्तच सापडले! ऊन आले, शेवाळ वाढले, किडे वाढले, मासे वाढले. आणि तोडीनंतर एकसारखी दाट उगवलेली तरणी झाडी जिथे ओढ्यावर मिटली होती, तिथे मासे कमी.

“मग अल्सीचं काय?”

“ते ओढे वेगळे. सखल, छोटे, चटकन तापणारे. हे उंचावरचे, गार. इथं थोडं ऊन चालतं, तिथं मारतं.” ती हसली. “काका, हे एवढं ‘अवलंबून आहे’ नेमकं कशावर, ते काढायलाच पाच वर्षं लागतात.”

मी समजुतीच्या चार गोष्टींपैकी पहिली तोंडात घोळवीत होतो. ती मी दहीभाताबरोबर गिळली.

परतताना वाटेत सुमीने ‘एच. जे. अँड्र्यूज’ रानाकडे बोट दाखवले. १९४८ सालापासून हे जंगल नुसते अभ्यासासाठी राखलेले आहे. त्यातल्या मॅक क्रीक ओढ्यातले कटथ्रोट १९८७ पासून दर वर्षी मोजू लागले. १९८५ साली तिथे मार्क हार्मन ह्या शास्त्रज्ञाने पाचशेहून जास्त ओंडके जमिनीवर मांडून ठेवले. कशासाठी? ते कसे कुजतात ते बघायला. प्रयोगाची मुदत दोनशे वर्षे. २१८५ साली संपेल. मी तिला पुन्हा विचारले, दोन शून्ये की एक? दोनच. आमच्याकडच्या एका पुलाचे काम इतकेच चालेल असा माझा अंदाज आहे, पण त्यांनी मुदत आधी जाहीर केलेली नाही.

२०२३ साली विजेने लागलेल्या वणव्यात ह्या रानाचा फार मोठा भाग जळाला. गाडीतून काळे उभे खांब दिसत होते, डोंगरच्या डोंगर. ही हळहळली. “मग आता गं?”

“आता ही झाडं पुढच्या कित्येक वर्षांत एकेक करून पडतील,” सुमी म्हणाली. “काही ओढ्यात पडतील. मग बघायचं.”

“आणि मासे?”

आम्ही दोघांनी एकदम तिच्याकडे पाहिले, आणि तिघेही एकदमच म्हणालो, “अवलंबून आहे.”

रात्री दादाचा फोन आला. “भेटलास? काय करते पोरगी?”

मी ओंडक्यापासून सुरुवात केली. सावली सांगितली, होरोनाईचा मांडव सांगितला. दादा ऐकत होता. शेवटी म्हणाला, “ते असू दे. मासा केवढा होता?”

“वीतभर. बांगड्याहूनही लहान.”

पलीकडे बराच वेळ शांतता. मग एक मोठा निःश्वास. “एवढासाच? मग सोडलेलाच बरा.” आणि जरा थांबून, वेगळ्याच आवाजात, “पाणी फार गार असतं का रे तिथलं? तिला म्हणावं, पायांत लोकरीचे मोजे घाल.”

समजुतीच्या गोष्टींचे काय झाले हे त्याने विचारले नाही. हल्ली कोणी सुमीबद्दल विचारले तर तो चहा मागवीत नाही. नीडल ब्रांचपासून सुरू करतो, आणि चहा पाहुण्यालाच मागावा लागतो.

यंदाच्या दिवाळीत आमची ही नेमाप्रमाणे माळ्याखाली उभी राहिली. माझ्या आजोबांची मोडकी पेटी खाली आली, तीन पायांचे स्टूल आले, पंचांगांचा गठ्ठा आला. मी म्हटले, “जपून हां. एवढी वर्षं पडून आहे. ह्याच्या आडोशाला कोणाचा तरी संसार असेल.”

“आहे ना,” ती म्हणाली. “झुरळांचा.”

“बघ! म्हणजे राहतं कोणीतरी!”

पेटी सध्या पुन्हा माळ्यावर आहे. किती दिवस राहील? अवलंबून आहे.